पाच वर्षांनी आलं, आणि फसलं

नमस्कार, श्रोतेहो.

द प्रॉडिजी हा इंग्लंडमधल्या एसेक्सचा बँड. १९९७मध्ये त्यांचा ‘द फॅट ऑफ द लँड’ हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. मग नव्या गाण्याचं सिंगल, म्हणजे सुटं प्रकाशित केलेलं गाणं, थेट जुलै २००२मध्ये आलं, ‘बेबीज गॉट अ टेम्पर’, आणि आलं ते वाद घेऊनच. गाण्यात रोहिप्नॉलचं नाव उघडउघड घेतलेलं. हे झोपेचं औषध. कुणाच्या तरी पेयात गुपचूप मिसळून, शुद्ध हरपल्यावर अत्याचार करायचा, अशा गुन्ह्यांमुळे बदनाम झालेलं. गोळी पेयात पडली की निळा रंग सुटावा, असा बदल कंपनीला त्याआधीच करावा लागला होता. त्या नावावर ठेका धरायचा म्हणजे लोक भडकणारच. टीका रास्तच होती.

पण औषधाचं नाव वगळलं तरी गाणं लंगडंच राहतं. ते मुळात गायक कीथ फ्लिंटनं स्वतःच्या वेगळ्या, पंक वळणाच्या बँडसाठी लिहिलेलं. पंकमध्ये गायक पुढे आणि वाद्यं त्याच्यामागे. प्रॉडिजीचं संगीत रचणाऱ्या लियम हाउलेटची रीत नेमकी उलटी: आधी ठेका, आवाज नंतर, तोही तुकड्यातुकड्यानं.

त्यांचं १९९६चं ‘फायरस्टार्टर’ घ्या. त्यातली किंचाळणारी गिटार द ब्रीडर्स या बँडच्या गाण्यातून उचललेली, ‘हे!’ ही आरोळी आर्ट ऑफ नॉइज या बँडची. असे तुकडे जुळवणं वाटतं तितकं सोपं नसतं. जुन्या सॅम्प्लरवर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर, वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले. मिनिटाला १२० ठोक्यांचा तुकडा १४१वर पळवला, की सूर जवळजवळ तीन पट्ट्या चढतो. पेटीवरच्या सफेद एकचा स्वर काळी दोनपाशी जाऊन टेकतो, तोही किंचित कणसूर. मग बाकीचं सगळं त्याच्याशी जुळवून घ्यायचं, नाहीतर तुकडा ठोक्याठोक्यावर चिरून पुन्हा मांडायचा. चिरताना कापणी ठोका सुरू झाल्यावर जराशी उशिरा पडली तर थापेची धार जाते आणि ठेका मऊ पडतो. फ्लिंटच्या मोजक्या ओळी या घडणीत आणखी एक वाद्य होऊन बसतात. २००२मध्ये मात्र आख्खं तयार गाणं आलं आणि यंत्राला त्याची साथ करायला बसवलं.

ब्रिटनच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, तरी हाउलेटनं नंतर त्याच्याकडे पाठच फिरवली. २००४च्या ‘ऑलवेज आउटनंबर्ड, नेव्हर आउटगन्ड’ या अल्बममध्ये ते नाही. त्या अल्बमचं बरंचसं काम हाउलेटनं लॅपटॉपवर, ‘रीझन’ या सॉफ्टवेअरमध्ये केलं. गंमत अशी, की रीझनमध्ये तेव्हा आवाज ध्वनिमुद्रित करायची सोयच नव्हती. म्हणजे गायकाचं काम दुसरीकडे. इथं फक्त ठेका, बेस आणि तुकडे. आमच्या मते ही अडचणच त्याच्या पथ्यावर पडली. त्या अल्बमवर फ्लिंट नाही, बँडचा दुसरा गायक मॅक्सिमही नाही. तिघं पुन्हा एकत्र आले ते २००९च्या ‘इन्व्हेडर्स मस्ट डाय’मध्ये.

आता ‘फायरस्टार्टर’ लावतो आहोत. सुरुवातीची गिटार चुकवू नका.