भदरवाहचं लॅव्हेंडर

जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं हे भदरवाह खोरं. या उतारांवर पूर्वी मका असायचा. सीएसआयआर म्हणजे केंद्राची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. तिच्या जम्मूतल्या संस्थेनं सुगंधी पिकांच्या ‘अरोमा मिशन’ योजनेतून शेतकऱ्यांना लॅव्हेंडर या जांभळ्या, सुवासिक फुलांच्या झुडपाची रोपं दिली, तेल काढायची यंत्रं बसवून दिली, आणि खोऱ्याचा रंगच पालटला. २०२४च्या प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावर सीएसआयआरचा चित्ररथ निघाला, तोही याच जांभळ्या शेतीचा.

तोडलेले तुरे मोठ्या टाकीत दाबून भरतात. खालून वाफ सोडली की ती फुलांमधलं तेल सोबत घेऊन वर चढते, थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून जाताना निवते आणि भांड्यात थेंब थेंब पडू लागते. खाली साठतं सुगंधी पाणी. त्यावर तरंगणारा फिकट पिवळा थर म्हणजे आपलं तेल. शंभर किलो ओल्या फुलांतून ते निघतं साधारण एखादा किलो. महाग का, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

या वासानं मन निवतं, झोप लागायला मदत होते. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही त्यातली मुख्य द्रव्यं. जर्मनीत तर बेचैनीवर ८० मिलिग्रॅम लॅव्हेंडर तेलाची कॅप्सूल औषध म्हणून मिळते. पण ती पोटात घेण्यासाठीच बनवलेली असते. म्हणून आपल्या बाटलीतलं तेल पिऊ नका. अगदी थेंबभरसुद्धा नको.

रात्री रुमालावर एक-दोन थेंब टाकून उशीजवळ ठेवा. मान, खांदे चोळायचे असतील तर चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब पुरे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. खाज सुटली, तर ते तुमच्यासाठी नाही. गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर बाटली तिच्यापासून लांबच हवी, हे तेल तिला विषारी ठरू शकतं.

आणि झाकण घट्ट लावा. हवा लागून जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त त्रास देतं, म्हणून मोठी बाटली स्वस्त पडली तरी छोटीच घ्यावी. विकत घेताना लेबलावर ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’ हे अस्सल लॅव्हेंडरचं शास्त्रीय नाव शोधा. लॅव्हेंडिन नावाचं संकरित तेल स्वस्त असतं, त्याला कापराचा उग्र वास येतो. झोपेसाठी घेत असाल, तर ते नको.