पाडण्याची ताकद: ओहायोतील एका दबावगटाची गोष्ट

अमेरिकेतील ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. तिच्या उत्तरेला काही मैलांवर वेस्टरव्हिल हे गाव आहे. १८७५ मध्ये हेन्री कॉर्बिन या गृहस्थाने येथे दारूचा गुत्ता उघडला, तेव्हा गावकऱ्यांनी आधी त्याच्यापुढे प्रार्थना म्हटल्या आणि स्तोत्रे गायिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा एका रात्री कोणीतरी बंदुकीची दारू पेरून गुत्ताच उडवून दिला. चार वर्षांनी कॉर्बिनने पुन्हा धाडस केले आणि पुन्हा तेच घडले. दारूला दारूनेच उत्तर देणारे हे गाव. १९०९ मध्ये अँटी-सलून लीग या संघटनेने आपला छापखाना थाटण्यासाठी नेमके हेच गाव निवडले, आणि ऐन भरात येथून महिन्याकाठी सुमारे चाळीस टन छापील मजकूर देशभर जाऊ लागला.

या लीगची स्थापना १८९३ मध्ये ओहायोतील ओबर्लिन येथे, हॉवर्ड हाइड रसेल या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने झाली. दारूबंदीची मागणी त्याआधीही जुनीच होती. प्रोहिबिशन पार्टी नावाचा स्वतंत्र पक्ष १८६९ पासून निवडणुका लढवत होता. पण अध्यक्षपदाच्या एकाही निवडणुकीत त्याला अडीच टक्केसुद्धा मते मिळाली नाहीत. लीगने या अपयशातून धडा घेतला. तिने स्वतःचा उमेदवार उभा करायचाच नाही असे ठरवले. उमेदवार रिपब्लिकन आहे की डेमोक्रॅट, त्याचे इतर विषयांवर काय मत आहे, तो घरी स्वतः किती पितो, यांपैकी कशातही लीगला रस नव्हता. सभागृहात तो दारूबंदीच्या बाजूने हात वर करणार की नाही, एवढा एकच प्रश्न ती विचारत असे.

या एका प्रश्नात किती ताकद आहे हे ज्याने सर्वांत आधी ओळखले, तो माणूस म्हणजे वेन व्हीलर. ठेंगणा बांधा, डोळ्यांवर चष्मा आणि वागणे कारकुनासारखे नीटस. लहानपणी शेतावरच्या एका झिंगलेल्या गड्याने गवत उचलण्याचे दाताळे त्यांच्या पायात खुपसले होते, ही हकिकत ते पुढे सभांतून आवर्जून सांगत. ओबर्लिन महाविद्यालयातून बाहेर पडताच ते लीगमध्ये दाखल झाले, सायकलवर टांग मारून मतदारसंघ पालथे घालू लागले आणि नोकरी सांभाळूनच वकिलीची पदवी मिळवते झाले.

त्यांचा हिशेब साधा होता. एखाद्या मतदारसंघात शंभरांपैकी पंचेचाळीस मते एका पक्षाची आणि पंचेचाळीस दुसऱ्याची ठरलेली असतील, तर उरलेल्या दहांपैकी सहा-सात मते ज्याच्या मुठीत, तोच निकाल ठरवतो. चर्चमध्ये दर रविवारी भेटणारे, महिन्याला थोडीथोडी वर्गणी देणारे आणि सांगितल्याबरोबर पक्ष बदलून मत टाकणारे सहा-सात टक्के मतदार लीगकडे होते. मराठी राजकारणात याला उपद्रवमूल्य म्हणतात. निवडून आणण्यापेक्षा पाडण्याची क्षमता अधिक स्वस्त पडते आणि तिचा धाक अधिक दूरवर पोहोचतो.

१९०५ मध्ये ओहायोने हा धाक प्रत्यक्ष पाहिला. गव्हर्नर मायरन हेरिक दोनच वर्षांपूर्वी एक लाखाहून अधिक मतांच्या आघाडीने निवडून आले होते. वस्तीतील लोकांनी मतदान करून आपल्या भागातील गुत्ते बंद करावेत, अशी तरतूद असलेले विधेयक त्यांनी पातळ करायला लावले. महाराष्ट्रातील गावांत ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून जे मतदान होते, त्याच जातीची ही मागणी होती. व्हीलर यांनी हेरिक यांच्याविरुद्ध शेकडो सभा घेतल्या. आपल्या सभासदांना हेरिक यांना गुपचूप मदत करण्यास सांगणारे मद्य उत्पादकांच्या संघटनेचे एक गोपनीय पत्र व्हीलर यांच्या हाती लागले. त्याची छायाचित्रे काढून त्यांनी मतदानाच्या तोंडावर हजारो प्रती चर्चमधून वाटल्या. त्या निवडणुकीत राज्यातील इतर पदांवर रिपब्लिकन उमेदवार निवडून आले; एकटे हेरिक सुमारे त्रेचाळीस हजार मतांनी पडले. त्यानंतर व्हीलर यांचे पत्र आले की ते आधी उघडायचे, हे राजकारण्यांना सांगावे लागले नाही.

तरीही दारूबंदी राज्यघटनेत नेण्याच्या वाटेत एक मोठा धोंडा होता. केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा दारूवरील करातून येत होता, आणि मद्य उत्पादक त्याच भरवशावर निर्धास्त होते. १९१३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकराची वाट मोकळी केली आणि तो भरवसा संपला. १९१४ च्या डिसेंबरात दारूबंदीच्या ठरावाला प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, १९७ विरुद्ध १९० मते मिळाली. घटनादुरुस्तीसाठी लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताला ती पुरेशी नव्हती, परंतु विरोधात कोण उभे राहिले याची यादी लीगच्या हाती आली. १९१६ च्या निवडणुकीत ही यादी कामाला लागली. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली, आणि पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ अशी बिअरच्या पिंपांवरील जर्मन नावे लीगला आयतीच मिळाली. बिअर पिणे म्हणजे जर्मन सम्राट कैसरला साथ देणे, असा प्रचार झाला. डिसेंबर १९१७ मध्ये तोच ठराव प्रतिनिधिगृहात २८२ विरुद्ध १२८ मतांनी मंजूर झाला. १६ जानेवारी १९१९ रोजी अठराव्या घटनादुरुस्तीला आवश्यक तेवढ्या राज्यांची संमती मिळाली आणि त्यानंतर वर्षभराने देशभर दारूबंदी लागू झाली.

या दुरुस्तीच्या बाजूने मत देणाऱ्या सेनेटरांमध्ये ओहायोचे वॉरन हार्डिंगही होते. पुढे अध्यक्ष झाल्यावर ते व्हाइट हाउसमध्ये मित्रांसोबत पत्ते खेळताना व्हिस्की घेत असत. लीगला हे खटकल्याचे फारसे दिसत नाही, आणि तिच्या तर्कानुसार ते खटकण्याचे कारणही नव्हते.

मात्र जिंकलेला गट जिंकलेली जागा राखू लागला की त्याचा चेहरा बदलतो. १९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा जास्त भरली. त्यानुसार प्रतिनिधिगृहातील जागांची फेरवाटणी व्हायला हवी होती. पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो कायदा १९२९ पर्यंत लांबवला, आणि शहरांना जास्त जागा मिळाल्या तर दारूबंदीचे बहुमत घटेल ही भीती त्यामागील कारणांपैकी एक होती. सरकारने औद्योगिक अल्कोहोल पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात विष मिसळले, ते पिऊन माणसे मेली, तेव्हाही व्हीलर यांनी या धोरणाचे समर्थन केले. सप्टेंबर १९२७ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची पूर्वीची प्रतिष्ठा उतरणीला लागली होती.

सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने १७९१ पासून सर्वांनाच दिला आहे, आणि लीगची रीतही कोणाच्या मालकीची नव्हती. १९२९ मध्ये पॉलिन सेबिन यांनी दारूबंदी उठवण्यासाठी महिलांची संघटना उभारली. स्वतः रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीवर काम केलेल्या या बाईंनी सभासदांना पक्ष बाजूला ठेवून केवळ या एका प्रश्नावर मत द्यायला सांगितले. पिएर ड्यू पाँट यांच्यासारख्या उद्योगपतींनी वेगळ्या संघटनेमागे पैसा उभा केला. दारूवरचा कर परत आला तर आपला प्राप्तिकर हलका होईल, हा हिशेब त्यांनी लपवला नाही. लीगला वर्षानुवर्षे देणग्या देणाऱ्या रॉकफेलर घराण्यातील धाकट्या जॉन यांनीही जून १९३२ मध्ये जाहीरपणे बाजू बदलली. हीच रीत पुढे बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनने उचलली आणि शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे उमेदवारांना गुण देण्याची पद्धत रूढ केली.

दारूबंदी उठवणारी एकविसावी दुरुस्ती तयार करताना काँग्रेसने एक विलक्षण काळजी घेतली. राज्यांच्या विधिमंडळांवर लीगचा वचक अजून असेल, या शंकेने मंजुरीचे काम त्यांच्याकडे न देता खास निवडलेल्या परिषदांकडे सोपवले. अमेरिकेच्या इतिहासात या मार्गाने संमत झालेली ही आजवरची एकमेव घटनादुरुस्ती आहे. ५ डिसेंबर १९३३ रोजी युटा राज्याच्या संमतीने ती पूर्ण झाली आणि देशव्यापी दारूबंदी संपली.

वेस्टरव्हिल मात्र कोरडेच राहिले. गावाच्या जुन्या भागात बिअरचा पहिला कायदेशीर ग्लास एका पिझ्झाच्या दुकानात भरला गेला, तो २००६ च्या जानेवारीत. त्याला परवानगी मिळाली होती गावकऱ्यांच्या मतदानाने; म्हणजे हेरिक यांना ज्या हक्कावरून पाडले गेले, त्याच स्थानिक मतदानाच्या हक्काने.