रात्रभराचा विस्तव

[दृश्य: रात्रीचे 9. घरामागचं अंगण. अंड्याच्या आकाराची हिरवी शेगडी, झाकण उघडं. शेजारी फोडलेली कोळशाची गोणी. एक हात एकेक तुकडा उचलून उजेडात धरतो आहे.]

गोणी उचलून सरळ ओतायची नाही, हे इथलं पहिलं पथ्य.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अटलांटा. उद्या दुपारी या अंगणात पंगत बसणार आहे, आणि तिच्यासाठी डुकराच्या खांद्याचा 4 किलोचा तुकडा आज रात्रीच शेगडीवर चढायचा आहे. आतलं तापमान 110 ते 120 अंश सेल्सिअस ठेवायचं, आणि तेही 12-14 तास. यजमान मूळचे साताऱ्याचे, इथे स्थिरावून बरीच वर्षं झालेली. अर्धा तास झाला, ते कोळसा निवडतायत. तांदूळ निवडावेत तसा.

आमच्या कॅमेरावाल्याला राहवत नाही. "दादा, एवढं काय निवडताय? शेवटी जळायचंच आहे ना?"

"जळायचंच आहे रे. पण सकाळपर्यंत जळायचंय."

[दृश्य: शेगडीची जाड भिंत जवळून. खालचं हवेचं दार, वरची झडप.]

पावसाळ्यात आपल्याकडे गाडीवर कणीस भाजणारी बाई आठवा. एका हाताने कणीस फिरवते, दुसऱ्या हाताने पुठ्ठा हलवून वारा घालते. तिला धग हवी, आणि ती आत्ता हवी. इथलं काम बरोबर उलटं. सिरॅमिकची भिंत एकदा तापली की ऊब सोडत नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या शेगडीत पेटता विस्तव लागतो तो ओंजळभर. त्याला हवा द्यायची तीही मोजून, बोटभर फटीतून.

ओंजळभर विस्तव नाजूक असतो. मोठा जाळ अडथळ्यातूनही हवा ओढून घेतो. हा इवलासा निखारा मूठभर चुऱ्याने गुदमरतो. म्हणून निवड करायची ती हवेचा विचार करून. कोळशाच्या भावाचा आणि नावाचा नंबर त्यानंतर.

[दृश्य: जुन्या जपानी मातीच्या चुलीचं चित्र.]

ही शेगडी मूळची जपानची. जपानीत कामादो म्हणजे चूल, आणि मुशीकामादो ही भात शिजवायची गोल, झाकणाची मातीची चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकी सैनिकांना ती आवडली आणि काही चुली त्यांच्यासोबत अमेरिकेत आल्या. 1974 साली एड फिशर यांनी याच अटलांटा शहरात दुकान उघडलं. दुकान खरं तर पाचिंको या जपानी खेळाच्या यंत्रांचं. चुली जोडधंदा म्हणून. यंत्रं मागे पडली, चुली राहिल्या. या हिरव्या शेगडीचं 'बिग ग्रीन एग', म्हणजे मोठं हिरवं अंडं, हे नाव त्यातून आलं. सुरुवातीच्या मातीच्या चुलींना तडे जायचे, पुढे चांगलं सिरॅमिक आलं.

[दृश्य: फरशीवर दोन ढीग. एकात उशीच्या आकाराच्या सारख्या वड्या, दुसऱ्यात वेडेवाकडे तुकडे.]

आता हे दोन ढीग. डावीकडच्या वड्यांना इथे ब्रिकेट म्हणतात. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी 1897 मध्ये अशा वड्यांचं पेटंट घेतलं. 1920 च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमध्ये मोटारीच्या लाकडी भागांतून उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून वड्या पाडायला सुरुवात केली. त्यांना जंगल मिळवून देणाऱ्या एडवर्ड किंग्जफर्ड यांचं नाव पुढे त्या धंद्याला लागलं, आणि ते आजही पिशव्यांवर दिसतं. कोळशाची पूड, बांधायला स्टार्च. काहींत चुनखडीही, म्हणजे राख पांढरी दिसते आणि निखारा तयार झाला हे कळतं.

वड्यांना नावं ठेवण्याची फॅशन आहे, ती मला पटत नाही. उघड्या शेगडीवर त्या एकसारख्या, बेताने जळतात. नवशिक्याला तर वरदान. पण त्यांची राख जास्त. उघड्या शेगडीत ती पसरते, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे ती जाळीखाली साचते आणि पहाटे हवेची वाट बंद करते. म्हणून सिरॅमिकमध्ये उजवीकडचा ढीग. सबंध लाकडाचा, कशाचीही भेसळ नसलेला, राख कमी सोडणारा कोळसा.

[दृश्य: यजमान एक तुकडा दुसऱ्यावर आपटतात. टणत्कार.]

ऐकलंत? पक्का भाजलेला कोळसा असा वाजतो. जो थप्प वाजतो आणि मोडल्यावर आत तपकिरी दिसतो, तो अर्धकच्चा. त्यातलं लाकूड अजून जळायचं आहे, म्हणजे दाट पांढरा धूर, आणि मांसाला कडवट चव. सरळ रेषेत कापलेल्या चपट्या पट्ट्या निघाल्या तर तो बहुधा फरश्यांच्या लाकडाचा उरलेला माल. गोणीत खडेही निघतात, कधी खिळाही.

लाकूड कुठलं? इथे ओक आणि हिकरी नेहमीचे. पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचा केब्राचो येतो. नावाचा अर्थच 'कुऱ्हाड मोडणारा'. पेटायला आळशी, पण एकदा पेटला की लवकर संपत नाही. जपानच्या वाकायामाचा बिंचोतान कोळसा तर काचेसारखा वाजतो, पण तो याकितोरीसाठी, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांसाठी. रात्रभराच्या शेगडीत तो घालणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. एक मात्र खरं, गोणीवर लाकडाचं नाव कितीही मोठं छापलेलं असो, कोळशात लाकडाची चव फारशी उरलेली नसते. ती भट्टीतच उडून गेली. धुराचा वास हवा तर हिकरीच्या नाहीतर सफरचंदाच्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे कोळशात खुपसायचे.

भट्टीचं नाव निघालं की मला रायगड आठवतं. तिथली किती तरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, घरापासून लांब, महिनोन् महिने. लाकडं रचायची, पाला आणि माती लिंपायची, एका तोंडातून पेटवायची, आणि मग दिवसरात्र राखण. कुठे भगदाड पडलं आणि हवा घुसली, तर कोळशाची राख. अंगणातली ही हौस एका रात्रीची. तिथे हेच जागरण पोटासाठी असतं, आणि डोक्यावर उचलीचं कर्ज.

[दृश्य: कोळसा रचला जातो आहे.]

मुठीएवढे मोठे तुकडे तळाला, जाळीची भोकं मोकळी ठेवून. त्यावर मध्यम, फटींत लहान. चुरा गोणीतच. पेटवायचं एकाच जागी, घासलेटसारखं काहीही न शिंपडता. त्याचा वास सिरॅमिकला धरला तर लवकर जात नाही. धूर दाट पांढऱ्याचा विरळ निळसर झाला की मगच मांस. आणि तापमान 120 च्या वर जाऊ द्यायचं नाही. भिंत एकदा फाजील तापली की ती निवायची वाट बघत बसावं लागतं.

[दृश्य: पहाटेचे 3. तापमापकावर 96.]

"दादा, उतरलं!"

यजमान उठतात. घाईने झाकण उघडत नाहीत; कोंडलेल्या निखाऱ्याला एकदम हवा मिळाली तर भडका तोंडावर येतो. खालच्या दारातून वाकवलेली तार आत घालून ते जाळीची भोकं टोकरतात. मूठभर राख खाली पडते. दहा मिनिटांत 108.

"मागे एकदा गोणीच्या तळाचा चुरा वाया जाऊ नये म्हणून ओतला होता. सकाळी उठलो तर शेगडी गार. चार किलो मांस टाकून दिलं. त्या चुऱ्याची किंमत किती असेल, दहा रुपये?"

पाचच्या सुमाराला दुसरीच घालमेल. शेगडी 112 वर ठाम, पण मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा 68 वर अडकलेला. तासभर हलत नाही. मांसातून पाणी सुटून वाफ होते, ती वाफ मांसाला निववते. आपल्याला घाम येतो तसंच. कॅमेरावाल्याचा हात झडपेकडे जातो.

"हात लावू नकोस. चहा टाक."

[दृश्य: सकाळचे 11. मांसाचं हाड हाताने ओढताच अलगद सुटून येतं. आतला काटा 95.]

वरची झडप बंद, खालचं दार बंद. विस्तव आपोआप विझेल. संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा निम्म्याहून जास्त कोळसा तसाच होता. यजमानांनी तो ढवळला, राख खाली पाडली, त्यातला एक तुकडा उचलून दुसऱ्यावर वाजवून बघितला आणि परत ठेवून दिला. शनिवारी कोंबडी आहे.