बाजूचं मूळ आतून फुटतं

(रावेर तालुक्यात शेतकरी आणि कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, विरळणीत उपटलेलं कपाशीचं रोप आपण बांधावर फेकून देतो. यंदा एक रोप फेकू नका. माती भिजवून ते हलक्या हातानं काढा, बादलीत धुवा आणि उजेडात धरून बघा. मधलं सोटमूळ सरळ खाली गेलेलं दिसेल. त्याच्या अंगावरची बारीक मुळं मात्र कशीही फुटलेली नसतात, ती रांगेनं निघतात. बहुतेक रोपांत अशा चार रांगा सापडतात. कोवळ्या मुळाचा आडवा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर गाभ्यात जलवाहिन्यांचे चार पुंजके दिसतात. प्रत्येक पुंजक्यासमोर एक रांग. म्हणजे बाजूची मुळं कोणत्या दिशांना निघणार, हे गाभ्यातच ठरलेलं असतं.

फांदी फुटण्याआधी तिची कळी आपल्याला बाहेरून दिसते. बाजूच्या मुळाला बाहेर कळीच नसते. गाभ्याभोवती पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला परिरंभ म्हणतात. मूळ तिथं जन्मतं. परिरंभाबाहेर अंतस्त्वचा, तिच्याबाहेर मध्यत्वचा, मग सगळ्यात वरचं आवरण. एवढे थर ओलांडल्यावर त्याला माती लागते. मुळावरचे केस ही वेगळी गोष्ट. तो केस म्हणजे वरच्या आवरणातली एकच लांबलेली पेशी. त्याला स्वतःच्या वाहिन्या नसतात, आणि त्याचं आयुष्यही थोडं. बाजूचं मूळ आपल्या वाहिन्या घेऊन येतं, त्या जुन्या मुळाच्या वाहिन्यांना जोडतं आणि पुढे स्वतः फुटत जातं.

यातलं बरंचसं कळलं ते अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपावरून. कोवळ्या पानांत आणि शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली उतरतं. मुळाच्या टोकामागे त्याच्या प्रभावाला एक लय असते, साधारण सहा-सहा तासांची. प्रत्येक लाटेबरोबर पुढच्या फुटव्याची जागा नेमली जाते. मग परिरंभातल्या शेजारशेजारच्या दोन पेशींची केंद्रकं सामाईक भिंतीकडे सरकतात आणि त्या पेशी असमान विभागतात: मधे दोन आखूड, कडेला दोन लांब. त्या आखूड पेशी पुन्हा पुन्हा विभागून घुमटाच्या आकाराचा गोळा तयार होतो. तोच नवीन मुळाचा गर्भ.

वर असते अंतस्त्वचा. तिच्या पेशींच्या भिंतींत पाणी झिरपू न देणारी पट्टी असते, त्यामुळे हा थर सहज फाटणारा नाही. आणि तो फाटतही नाही. गाभ्याकडून ऑक्सिनचा इशारा आला की गर्भावरच्या अंतस्त्वचेच्या पेशी आकसतात, पाणी सोडून अंग चोरतात आणि वाट देतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त या पेशींना ऑक्सिनला दाद देण्यापासून रोखलं, तर परिरंभातलं पहिलं विभाजनसुद्धा झालं नाही. शेजाऱ्यानं जागा दिल्याशिवाय मूळ जन्माला येतच नाही! या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

मूळ बाहेर येतं त्या जागी बारीकशी फट राहते. मातीतल्या रोगजंतूंना ती वाट सापडते, पण भुईमुगानं तिचाच उपयोग करून घेतला आहे. नत्र स्थिर करणारे जीवाणू पुष्कळ कडधान्यांत मुळावरच्या केसातून शिरतात. भुईमुगात ते बाजूच्या मुळाच्या बेचक्यातल्या फटीतून शिरतात. शेंगा उपटाल तेव्हा नीट बघा, गाठी त्या बेचक्यातच बसलेल्या असतात.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्या भागात खरा प्रश्न तो आहे. मुळाची एक बाजू ओल्या मातीला टेकलेली आणि दुसरी हवेच्या पोकळीकडे असेल, तर फुटवे ओल्या बाजूनंच निघतात. हेही २०१४ मध्येच दाखवलं गेलं, अ‍ॅराबिडॉप्सिससोबत मक्यात आणि भातातही. मुळाचं टोक पूर्ण पोकळीत गेलं, तर तेवढ्या टप्प्यात फुटवे थांबतात आणि पुन्हा ओल लागली की सुरू होतात. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात तेव्हा काय होतं, ते यावरून ओळखा. भेगेत मुळं ताणून तुटतात हे आपण डोळ्यांनी बघतो. पण जे मूळ न तुटता भेगेतून जातं, तेही तेवढ्या अंतरात नवा फुटवा देत नाही.

केळीला सोटमूळ नाही. कंदातून ५ ते ८ मिलिमीटर जाडीची मुळं निघतात आणि अन्नपाणी उचलण्याचं बहुतेक काम त्यांच्या अंगावरची बारीक मुळं करतात. त्यातली बहुतेक वरच्या ३० ते ४० सेंटिमीटर थरात. ठिबकची नळी आपण जिथं अंथरतो तिथंच ती गर्दी करतात, म्हणून बाग लहान असताना बुंध्याशी ठेवलेली नळी पुढे दूर सरकवावी लागते. पण ओल म्हणजे चिखल नव्हे. मुळांना प्राणवायू लागतो, आणि काळ्या जमिनीत रोज जास्तीचं पाणी साचलं की आधी हीच बारीक मुळं तपकिरी होऊन मरतात. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग असो की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, एक गोष्ट ध्यानात ठेवा: केळ निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की कंदातून नवीन मुळं निघणं जवळजवळ थांबतं. घड पोसायचा तो त्याआधी जमवलेल्या मुळांवर.

खताबद्दल १९७५ सालचा एक प्रयोग सांगतो. इंग्लंडमध्ये माल्कम ड्र्यू यांनी बार्लीच्या मुळाच्या फक्त मधल्या पट्ट्याला एकेक अन्नद्रव्य भरपूर दिलं, बाकी मुळाला अगदी थोडं. नत्र किंवा स्फुरद (फॉस्फरस) मिळालं तिथं बाजूच्या मुळांचं रान माजलं. पालाशानं, म्हणजे पोटॅशनं, तसं काही झालं नाही. पालाश तर केळीला सर्वांत जास्त लागतो. मूळ त्याच्यामागे धावत जाईल या भरवशावर राहू नका. मुळं जिथं आहेत तिथं तो थोडाथोडा, ठिबकातूनच पोहोचवा.

मागून एका दादांनी विचारलं, कपाशीला खत बुंध्याशीच टाकलं तर काय बिघडलं? दादा, बुंध्याजवळची मुळं जून झालेली असतात, त्यांच्यावर साल चढलेली असते, ती फार कमी उचलतात. पांढरी, कोवळी टोकं तोवर ओळींच्या मधे पोहोचलेली असतात, आणि तीही बरीच वरच्या थरात. खत तिकडे द्या. आणि पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्यावर तण काढायला कोळपं घालायचंच असेल तर ते उथळ चालवा, कारण खोल गेलं की त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, हीच टोकं कापत जाते.