जेवलास का, आणि पाय कसाय?

(दृश्य: पहाटेचा पाम बीच रोड, पळणारी पोरं)

पहाटे पाचला पाम बीच रोडला कधी आलात तर ही पोरं दिसतील, नेरूळची, सानपाड्याची, काही तर घणसोलीवरून सायकल मारत आलेली. एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच आणि बाकीचे पळतायत. आर्मी भरतीला 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की फुल मार्क, मग बीमला 10 पुलअप्स, 9 फुटी खड्डा, झिगझॅग, हे यांना पाठ असतं. त्यावर यूट्यूबला व्हिडिओंचा ढीग पडलाय, आपण आणखी एक टाकायची गरज नाही. आपला व्हिडिओ भरती झाल्यानंतरचा आहे, म्हणजे पेढे वाटून झाले, सोसायटीच्या गेटवर बॅनर लागला, पोरगं ट्रंक घेऊन गेलं, आणि मग घरात जे सुरू होतं त्याचा.

(दृश्य: कोपरखैरणे, माथाडी वसाहतीतली गल्ली)

हे कोपरखैरणे. इथे निम्मी घरं साताऱ्याकडची, कोण पाटणचे, कोण जावळीचे, वडील किंवा आजोबा माथाडी म्हणून आले आणि इथलेच झाले. फौज या लोकांना नवीन नाही, सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. पण गावाकडे घरटी एक माणूस फौजेत असला की बायकांना सगळं माहीत असतं, कुणाला काय विचारायचं, फोन नाही आला तर किती दिवस थांबायचं. इकडे वन बीएचकेमध्ये शेजारी कोण आयटीवाला कोण बँकवाला, विचारणार कुणाला?

या घरातला मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावला गेलाय, मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला. हे सेंटर 1922 पासून तिथेच आहे. अग्निपथ योजना 2022 ला आली तेव्हापासून आर्मीचं ट्रेनिंग साधारण 31 आठवड्यांचं झालंय, आधी ते याच्यापेक्षा लांब असायचं. वडील वाशीच्या मार्केटला कांदा-बटाटा विभागात आहेत. ते म्हणाले, "मी पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो, कष्टाचं मला सांगू नका. पण माझी पाठ दुखली तर मी घरी येऊन झोपतो. तो तिकडं कुणाला सांगणार?"

आम्ही या प्रश्नावरच अडकलो खरं तर, कारण बाकीची काळजी सगळी याच्यातूनच येते.

फोन जमा असतो. ठरलेल्या वेळी मिळतो, तोही थोडाच वेळ आणि मागे लाईन. आई विचारते जेवलास का, झोप होते का, वजन किती झालं. पोरगं म्हणतं हो, होते, माहीत नाही. संपला फोन. मग आई पुढचे सहा दिवस त्या आवाजाचं पोस्टमॉर्टम करत बसते की नाकातून बोलत होता, घसा बसलेला वाटला, "बरंय" म्हणायच्या आधी थांबला का.

नाकातून बोलत असेल तर त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. देशाच्या कानाकोपऱ्यातली पोरं एका बराकीत झोपतात, प्रत्येकजण आपापल्या गावचे व्हायरस घेऊन येतो, त्यामुळे सर्दी-खोकला, डोळे येणं, कधी कांजण्या किंवा गालगुंड हे पहिल्या काही आठवड्यांत होतंच. असं काही निघालं तर पोराला वेगळं ठेवतात. टाचेला फोड येणं, तेही नेहमीचं.

खरी भानगड पायाची आहे.

(दृश्य: धावणारे बूट, जवळून)

हाड आपल्याला दगडासारखं वाटतं पण ते जिवंत असतं. अचानक जास्त भार पडायला लागला की शरीर आधी जुनं हाड थोडं खरवडून काढतं आणि मग तिथे नवीन, मजबूत हाड भरतं. खरवडणं लवकर होतं आणि भरायला काही महिने लागतात, म्हणजे मधले काही आठवडे हाड उलट कच्चं असतं आणि नेमकं त्याच आठवड्यांत ड्रिल, पीटी, बूट घालून पळणं, पाठीवर पिट्टू हे सगळं वाढत असतं. त्यातून बारीक चीर पडते, तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हे काही आजकालच्या नाजूक पोरांचं दुखणं नाही बरं का. ब्राइटहाऊप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने 1855 सालीच सैनिकांच्या सुजलेल्या पायांबद्दल लिहून ठेवलंय, पुढे त्याला मार्च फ्रॅक्चर नाव पडलं.

आणि गंमत म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधा एक्सरे काढला तर बरेचदा काहीच दिसत नाही. मग पोराला वाटतं आपणच नाटक करतोय. एमआरआयमध्ये लवकर दिसतं. ओळखायची साधी खूण म्हणजे नडगीभर सगळीकडे ठणका असेल तर तो बहुतेक स्नायूचा ताण, पण बोट ठेवून "इथेच दुखतंय" असं दाखवता आलं, आणि आता बसल्या बसल्या किंवा रात्रीपण दुखायला लागलं, तर लगेच एमआय रूमला, म्हणजे तिथल्याच लष्करी दवाखान्यात, जायचं. वेळेत आराम मिळाला तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत जमतं. तसंच पळत राहिलं तर पूर्ण हाड मोडू शकतं, आणि मग ऑपरेशन, प्लेट, शेप वन, म्हणजे पूर्ण फिट असल्याची मेडिकल कॅटेगरी, जाणं, सगळंच आलं.

पण पोरगं एमआय रूमला जात नाही. कारण जास्त दिवस ट्रेनिंग चुकलं की रेलिगेट करतात, म्हणजे तुमची बॅच पुढे आणि तुम्ही मागच्या बॅचमध्ये. सिक रिपोर्ट केला की सोबतची पोरं चिडवतात तो भाग वेगळाच. एक रिटायर्ड हवालदार काका भेटले ऐरोलीत, ते म्हणाले, "उस्तादाला, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याला, घाबरून लपवतात असं लोकांना वाटतं. उस्ताद ओरडतो पण लंगडणारा पोरगा त्याला लगेच कळतो. पोरं घराला घाबरून लपवतात."

हे ऐकून मला ती निरोपाची व्हिडिओ क्लिप आठवली, जी या घरातल्याच फोनमध्ये होती. स्टँडवर हार घातलेला मुलगा, मामा ओरडतायत "नाव काढ रे, मागं फिरायचं नाय!" सगळे टाळ्या वाजवतायत. मामांचा जीव आहे पोरावर, त्यात वादच नाही, पण मला वाटतं नडगीत चीर पडलेली असताना पोराच्या डोक्यात तेच वाक्य वाजत असणार.

आणि दुसरं, बॅगेतली मेडिकलची पिशवी. आई प्रेमाने लाडवाच्या डब्याशेजारी पेनकिलरची अख्खी स्ट्रिप ठेवते, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेडिकलवाल्याने दिलेलं काहीही. पोरगं गोळी घेऊन पळतं, दुखणं दबतं, चीर वाढते. शिवाय घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला त्रास देतात. दोन टोकं आहेत बघा, घरून औषध द्यायचं आणि तिथल्या डॉक्टरकडे जाऊ नको असं न बोलता सांगायचं.

(दृश्य: ठाणे, लोकमान्य नगर, संध्याकाळ)

ठाण्यातल्या या घरची मुलगी नेव्हीत गेलीये, ओडिशाला आयएनएस चिल्काला. अग्निवीरांची पहिली बॅच तिथून 28 मार्च 2023 ला बाहेर पडली, अडीच हजारांच्या वर होते आणि त्यात मुलीपण होत्या, नेव्हीत खलाशी म्हणून भरती झालेल्या पहिल्याच. इथे आईला उन्हाची काळजी आहे. तिकडची हवा ठाण्यासारखीच दमट, घाम सुकतच नाही त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस जातात, तेवढे सांभाळावे लागतात. धावताना कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं तर तो उष्माघात समजायचा आणि लगेच अंगावर गार पाणी ओतायला लागायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली तर तेपण लगेच सांगायचं, स्नायू तुटून त्यातलं प्रथिन किडनीत अडकत असतं. आणि पाणी प्या म्हणून ढोसतच राहिलं तरी रक्तातलं सोडियम उतरतं.

फोनवर मुलीने आईला दबक्या आवाजात सांगितलं की पाळी आली नाही, आईच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. मग मावशीने समजावलं की मेहनत एवढी आणि खाणं कमी पडलं की असं होतं. होतं हे खरं, पण सोडून द्यायचं नसतं, कारण यातच हाडं कमजोर होतात आणि मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका तसाही मुलांपेक्षा जास्त. तिने लेडी डॉक्टरला सांगितलं. सांगायला किती दिवस गेले हे मात्र आईने विचारलं नाही.

(दृश्य: परत कोपरखैरणे, किचन)

बेळगावचा मुलगा रेलिगेट झाला. उजवी नडगी. आईने एका रविवारी वजन नाही विचारलं, "पाय दुखतो का, कुठं दुखतो, बोट ठेवून सांग" असं विचारलं, हवालदार काकांनी शिकवलेलं, आणि पलीकडे आधी शांतता आणि मग रडणं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच एमआय रूमला गेला, तिथून एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, पाठवलं. वडिलांनी त्याचा नंबर, कंपनी, प्लाटून एका कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय, आधी त्यांना फक्त "बेळगाव" माहीत होतं.

कसम परेडसाठी, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडसाठी, वाशी हायवेवरून रात्रीच्या बसच्या चार सीट आधीच काढल्या होत्या, त्या कॅन्सल करताना पैसे कापले म्हणून वडील बसवाल्याशी अर्धा तास भांडले. मामांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. आणि आईला नवीन टेन्शन आहे, कारण पायावर भार नको म्हणून पोराला आता पोहायला लावणारेत, आणि खाडीच्या कडेला वाढलेल्या या पोराला पोहता येत नाही.