बेंबीच्या हर्नियामागचं लिव्हर

मंडळी, समोर निम्मे तरी केळीवाले बसलेत, म्हणून बागेतलीच उदाहरणं देतो.

यावल तालुक्यातले एक काका माझ्याकडे आले ते बेंबीचा हर्निया घेऊन. "डॉक्टर, एवढं शिवून टाका." सदरा वर केला तर बेंबी लिंबाएवढी पुढे आलेली, वरची कातडी ताणून चकचकीत. पण माझी नजर गेली ती तट्ट फुगलेल्या पोटाकडे आणि काडीसारख्या झालेल्या दंडांकडे. पोटात पाणी झालं होतं, म्हणजे लिव्हर खचल्याची खूण. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर नासवणारा विषाणू, पॉझिटिव्ह निघालं. काकांना ना कधी कावीळ झालेली, ना दारूचं व्यसन. तरुणपणी जत्रेत हातावर गोंदून घेतलेलं, एकदा रक्तही चढवलेलं. विषाणू नेमका कुठून शिरला, आता कोण सांगणार?

मी तेव्हा सुरी उचलली नाही. लिव्हर असं कामातून गेलेलं असताना हर्निया शिवला, तर पाण्याच्या दाबानं टाके उसवतात, जखमेतून पाणी झिरपतं, जीवावर बेततं. आधी मीठ कमी, पाणी उतरवायच्या गोळ्या, आणि विषाणूवर औषध.

सर्जन असून सांगतो, हिपॅटायटिस सी कापून काढता येत नाही. तो रक्तात फिरतो. त्याला मारतात गोळ्या. सोफोसबुविर आणि तिच्या जोडीची गोळी, बहुतेकांना १२ आठवडे. १०० पैकी ९५ जण बरे होतात. लिव्हर काकांसारखं खचलेलं असेल तर औषध वाढवावं लागतं किंवा जास्त दिवस द्यावं लागतं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर ही औषधं मोफत मिळतात.

मग सर्जनचं काम कुठे? विषाणूनं वीस-तीस वर्षांत जे नासवून ठेवलं, तिथे. निरोगी लिव्हरवर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. सिरॉसिस झालेलं, म्हणजे व्रणांनी कडक झालेलं, लागतं ज्वारीच्या कणसासारखं, खडबडीत. त्यात कॅन्सरची गाठ झाली आणि उरलेलं लिव्हर धड असलं, तर गाठ कापता येते. लिव्हरच थकलं असेल तर प्रत्यारोपण. १९९६ पासून त्याला एक मोजमाप आहे: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. नातेवाइकानं लिव्हरचा भाग दिला तर त्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत जवळपास पहिल्याएवढं भरून येतं. केळीचं झाड कापल्यावर खालून पील, म्हणजे नवा कोंब, वर येतं ना, तसं.

पण सीएमव्ही, म्हणजे मावा पसरवतो तो केळीवरचा विषाणू, आलेली केळी तुम्ही उपटली, नवी टिश्यूकल्चरची रोपं लावली आणि मावा तसाच राहिला, तर काय होतं ते तुम्हीच मला सांगाल. प्रत्यारोपणाचंही तसंच. रक्तात विषाणू असेल तर तो नव्या लिव्हरला जवळपास हमखास धरतो. गोळ्या आधी द्यायच्या की नंतर, हे तिथले डॉक्टर ठरवतात. पण द्याव्या लागतातच.

आणखी एक. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून खचू नका, आणि कुणी तेवढ्यावरून ऑपरेशन नाकारलं तर ऐकून घेऊ नका. ती तपासणी विषाणू कधीतरी शिरल्याची खूण तेवढी दाखवते, आणि काहींच्या शरीरानं तो आपोआप घालवलेला असतो. तो आता रक्तात आहे का, हे खुद्द विषाणू शोधणाऱ्या आरएनए तपासणीतच कळतं.

काकांचा विषाणू गेला, पाणी उतरलं, मग मी हर्निया शिवला. लिव्हरवरचे व्रण मात्र राहिलेत, कॅन्सरचा धोकाही आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. या खेपेला बागेची कापणी होती म्हणून ते आले नाहीत. उद्या सकाळी मीच फोन लावणार आहे.