हट्टी, चिवट की ठाम?

नमस्कार श्रोतेहो.

शिरपूरपासून रावेरपर्यंत कुठल्याही कॉलेजातल्या मुलाला म्हणा, तुझा मित्र कसा आहे ते इंग्रजीत सांग बरं. तो सांगतो, 'गुड'. अजून सांग म्हटलं की 'व्हेरी गुड'. फारच लावून धरलं तर 'ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग', आणि तिथे गाडी थांबते. तोच मुलगा पारावर बसला की त्याच मित्राला आगाऊ, चिक्कट, भिडस्त, घुमा असा एका दमात आपल्यासमोर उभा करतो. म्हणजे माणसाची पारख आहे, इंग्रजी शब्द तेवढे नाहीत.

आणि इंग्रजीत या शब्दांचा दुष्काळ मुळीच नाही. 1936 साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरचा जाडजूड शब्दकोश पालथा घातला आणि माणसाचा स्वभाव, वागणं सांगणारे शब्द वेगळे काढले. भरले जवळजवळ 18,000. हो, अठरा हजार! घाबरू नका, शे-दीडशे नीट आले तरी आपलं भागतं. पण ते 'रोज दहा शब्द पाठ करा' अशा पाट्या लावणाऱ्या क्लासमध्ये येत नाहीत. त्या पाट्यांवरच्या इंग्रजीबद्दल मी पुन्हा कधीतरी बोलेन, आज माझं डोकं शांत आहे.

आज एकच गोष्ट सांगायची आहे. स्वभावाच्या शब्दाला अर्थ असतो, तसा कलही असतो. बोलणारा त्या माणसाच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे शब्दच सांगून टाकतो. 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी याची गंमत केली होती. मी 'फर्म' म्हणजे ठाम, तू 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी, आणि तो? तो 'पिग-हेडेड' मूर्ख! वागणं तिघांचं तेच. म्हणून अर्थ पाहिलात की कलही पाहा.

यावरून शिरपूरकडच्या एका घरातला प्रसंग सांगतो. मला भरिताच्या जेवणाला बोलावलं होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं, सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर वांगं काळं करून त्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त जेवायला जात नाही. तर, त्या घरातली मुलगी एम.एस्सी. झालेली. स्थळ आलं होतं न्यू जर्सीचं. मुलगा तिथेच वाढलेला, मराठी कामापुरती, त्यामुळे बायोडेटा इंग्रजीत हवा. तो मामांनी लिहिला होता. मामांचा उभा जन्म अर्ज आणि विनंतीपत्रं लिहिण्यात गेलेला. जेवणं झाली आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "सर, फक्त ग्रामर बघा. शब्द आपले पक्के आहेत."

पक्के शब्द चार होते. होमली, सिंपल, ओबीडियंट, ॲडजस्टिंग.

मी म्हटलं, "मामा, होमली म्हणजे आपल्याकडे घरात रमणारी. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची."

मामांनी चष्मा काढला. "आणि सिंपल?"

"साधी असंही होईल. पण माणसाला नुसतं सिंपल म्हटलं तर डोक्याने जरा कमी, असाही अर्थ निघतो. ओबीडियंट तिकडे लहान मुलाला म्हणतात, नाहीतर कुत्र्याला."

म्हणजे मुलाकडच्यांनी काय वाचलं असतं? मुलगी दिसायला बेताची, डोक्याने कमी, पण 'बस' म्हटलं की बसते!

मुलगी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, कागद ओढला, चारही शब्दांवर लाल रेघ मारली आणि लिहिलं, 'आउटस्पोकन'.

"म्हणजे तोंडाळ?" मामा दचकले.

"स्पष्ट बोलणारी, मामा."

"पोरी, स्थळ जाईल!"

तिची आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मग हट्टी आहे तेही लिहा एकदाचं. उद्या आपल्यावर ठपका नको." मामांनी मान डोलावून 'स्टबर्न' लिहायला घेतलं, तोच कोपऱ्यात डाळ निवडणारी आजी बोलली, "आमनी पोर हट्टी नही, चिवट शे."

मी अक्षरशः टाळी वाजवली. "आजी, याच शब्दाला इंग्रजीत 'टेनेशस' म्हणतात!" लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' या क्रियापदावरून आलेला शब्द, धरलेलं सोडत नाही तो टेनेशस. मामांनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. 'ॲडजस्टिंग'च्या जागी 'ॲडॅप्टेबल' आलं, त्यावर मायलेकींचं एकमत झालं. स्थळाचं काय झालं विचाराल, तर घोडं अडलं ते पत्रिकेत. अमेरिकेत वाढलेल्या मुलालाही आपल्याकडचा मंगळ सोडत नाही!

असो, वेळ थोडा उरलाय. शब्द जोडीने शिका. काटकसरी माणूस आवडत असेल तर 'फ्रूगल', नावडता असेल तर 'स्टिंजी'. चौकस तो 'क्युरियस', दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा 'नोझी'. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या शब्दकोशांत यातल्या नावडतीच्या शब्दांपुढे बऱ्याचदा 'डिसॲप्रूव्हिंग', म्हणजे नापसंती दाखवणारा, असा शेरा छापलेला असतो. तो वाचायचा. पुन्हा सांगतो, अर्थ पाहिलात की कल पाहा.

काही शब्द तर आपल्या आजीच्या ओळखीचे निघतील. जुन्या युरोपातले वैद्य शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस मानत. रक्त जास्त तो उत्साही, 'सँग्विन'. कफ जास्त तो थंड, सहसा न चिडणारा, 'फ्लेग्मॅटिक'. पिवळ्या पित्ताचा तापट, 'कॉलेरिक'. काळ्या पित्ताचा उदास, 'मेलँकॉलिक'. पित्त खवळलं की माणूस भडकतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि वही घालाल तेव्हा शब्दासमोर नुसता अर्थ लिहू नका, ओळखीचा माणूस लिहा. 'टॅसिटर्न' समोर दुकानाच्या गल्ल्यावर बसून दिवसभरात चार वाक्यं बोलणारे काका. 'कॉलेरिक' समोर शेजारचे अण्णा. 'स्टिंजी' समोर कोण, ते मी सांगणार नाही. फक्त दिवाळीत पाहुणे यायच्या आधी ती वही कपाटात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ बाळगा. नमस्कार.